जुनाट श्वासविकार आणि स्नायूंची झीज

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की परभणी जिल्ह्यातील गावोगावी पऱ्हाटीचे भारे घराकडे येऊ लागतात. पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या हे येथील चुलीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जळण होय. घरात गॅसची शेगडी आल्यानंतरही अंघोळीचे पाणी तापविणे, भाकरी भाजणे अशा कामांसाठी चूल अनेक घरांत टिकून आहे. या धुराने, विडी-सिगारेटने, कापसाच्या व धान्याच्या धुळीने अथवा पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगाने ज्यांची फुफ्फुसे कायमची अधू झाली आहेत, अशी माणसे आपल्या ओळखीची असतात. ओसरीवर किंवा खाटेवर बसून ती धापा टाकीत असतात. लोक त्यांना जुने दमेकरी म्हणतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे दंड व मांड्या वाळू लागल्या, की 'दम्याने खंगला' असे म्हणून हळहळतात.

या खंगण्याकडे रोगाचा अटळ शेवट म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. वैद्यकशास्त्राचा गेल्या तीन दशकांतील अनुभव मात्र निराळे सांगतो. जुनाट फुफ्फुसविकारात होणारी स्नायूंची झीज हा रोगाचाच एक स्वतंत्र भाग असून तो मोजता येतो. रुग्णाच्या पुढील आयुष्याविषयी त्यावरून पुष्कळ काही कळते. मुख्य म्हणजे, निकामी झालेले फुफ्फुस पूर्ववत करता येत नसले, तरी झिजलेला स्नायू बऱ्याच अंशी पुन्हा कमावता येतो. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि फुफ्फुसातील वायुकोशांची नासाडी होणे, या दोन बिघाडांतून जो दीर्घकालीन विकार उद्भवतो, त्यास सीओपीडी या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. दमा म्हणजे अस्थमा याहून वेगळा आहे. अस्थम्यात श्वासनलिकांचे आकुंचन येते आणि जाते. बहुधा ते लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होते. सीओपीडीत अवरोध पूर्णपणे कधीच दूर होत नाही आणि तो सहसा चाळिशीनंतर हळूहळू वाढत जातो. दोहोंतील फरक निश्चित करण्यासाठी स्पायरोमेट्री नावाची श्वासमापनाची चाचणी करावी लागते.

भारतातील रोगभाराच्या राज्यवार अभ्यासानुसार १९९० साली देशात या विकाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ही संख्या सुमारे ५ कोटी ५३ लाखांवर गेली. हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा रोग आहे, हा समजही आता टिकणारा नाही. पुण्यातील संशोधक डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधील डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात, जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नसावे, असा अंदाज मांडला. लाकूडफाटा व शेणाच्या धुराचा त्यात मोठा वाटा आहे. ज्या माउलीने जन्मात विडीला हात लावला नाही, तिलाही चुलीपुढे बसून हा विकार जडू शकतो. चुलीवर मिसरी भाजताना उठणारा तंबाखूचा धूरही याच हिशेबात धरला पाहिजे.

मांडीचा फुफ्फुसाशी संबंध

छातीच्या रोगात मांडीचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका दुष्टचक्रात आहे. चालताना धाप लागते, म्हणून रुग्ण चालणे कमी करतो. घरची मंडळीही मायेपोटी त्याला 'बसून रहा' असेच सांगतात. न वापरलेला स्नायू झपाट्याने अशक्त होतो. अशक्त स्नायू थोड्याशा श्रमाने थकतो आणि त्यात आम्ल साठू लागते. ते निस्तरण्यासाठी शरीर श्वासाची गती वाढविते. परिणामी पूर्वी शंभर पावलांनंतर लागणारी धाप आता पन्नास पावलांतच लागते. रुग्णाला वाटते, फुफ्फुस आणखी बिघडले; वस्तुतः पुष्कळदा मांडी बिघडलेली असते.

न चालणे हे यातील एकमेव कारण नव्हे. अधू फुफ्फुसांनी श्वास घेण्यासाठी शरीराला निरोगी माणसापेक्षा कित्येक पट अधिक शक्ती खर्चावी लागते. दुसरीकडे, पोट भरले की श्वासपटलास हालचालीला जागा उरत नाही, म्हणून रुग्ण घास कमी करतो. खर्च वाढला आणि आवक घटली, तर तूट स्नायूंतून भरून काढली जाते. रोगामुळे शरीरात सतत धुमसणारा दाह, रक्तातील प्राणवायूची कमतरता, वाढते वय आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांचीही त्यात भर पडते. या गोळ्या रोग उसळतो तेव्हा उपयोगी ठरतात. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेतल्यास त्या स्नायू व हाडे पोखरतात. मात्र दीर्घकाळ घेतलेली गोळी रुग्णाने आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे.

रोगाची एकेक उसळी या झिजेला वेग देते. निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले असता त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो मांस घटल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आढळून आले. मग आजारी, उपाशी आणि धापलेल्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

स्नायूंचे बळ आणि पुढील आयुष्य

रुग्णाचे पुढे काय होईल, याचा अंदाज डॉक्टर पूर्वी प्रामुख्याने फुफ्फुसांच्या चाचणीवरून बांधीत असत. हा अंदाज अपुरा आहे, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनी दाखवून दिले. कोपनहेगन शहरातील दीर्घ मुदतीच्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तीव्र विकार असलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. त्याच शहरातील २००६ सालच्या अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वजन सर्वसाधारण असलेल्या रुग्णांपैकीही सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांच्या शरीरात चरबी वगळता उरणारे वजन, ज्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, फारच कमी होते आणि त्यांनाही मृत्यूचा धोका अधिक होता. म्हणजे वजनाचा काटा नेहमीच खरे सांगतो असे नाही; चरबी टिकून राहते आणि मांस आतल्या आत झडते.

कॅनडातील क्वेबेक येथे १४२ रुग्णांच्या मांडीच्या मध्यभागाचे क्षेत्रफळ क्ष-किरण संगणक चित्रणाने मोजण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मांडीतील स्नायूचे क्षेत्रफळ ७० चौरस सेंटिमीटरहून कमी असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला. रुग्णाचे भवितव्य सांगण्याच्या कामी मांडीचे हे माप उंची-वजनाच्या प्रमाणापेक्षा सरस ठरले.

२००४ साली अमेरिका, स्पेन व व्हेनेझुएला येथील रुग्णांच्या अभ्यासातून 'बोड' नावाचा निर्देशांक तयार झाला. उंची-वजनाचे प्रमाण, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा, धाप लागण्याची पायरी आणि ६ मिनिटांत चालता येणारे अंतर, या चार गोष्टींना मिळून ० ते १० गुण दिले जातात. गुण जितके अधिक तितका धोका अधिक. ० ते २ गुणांच्या गटातील सुमारे ८० टक्के रुग्ण चार वर्षांनंतर हयात होते. ७ ते १० गुणांच्या गटात हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. या चारांपैकी फुफ्फुसाचे थेट मोजमाप एकच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चालण्याचे अंतर बरेचसे पायांच्या बळावर अवलंबून असते.

अंकांचा अर्थ लावताना

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी, की हे अंक गटाचे भवितव्य सांगतात, व्यक्तीचे नव्हे. 'तुमचे इतकेच दिवस उरले' असे कोणाही रुग्णास सांगण्यासाठी त्यांचा वापर करू नये. कोणाकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे, हे ठरविण्यासाठी ते आहेत.

दुसरी सूचना आपल्या परिस्थितीशी संबंधित आहे. बोड निर्देशांकात उंची-वजनाचे प्रमाण २१ किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण धरला जातो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे ५४ किलो वजन असा होतो. मराठवाड्याच्या खेड्यांत मूळचीच काटक आणि सडसडीत अंगाची माणसे पुष्कळ आहेत. त्यांना केवळ या एका आकड्यावरून रोगट ठरविणे योग्य होणार नाही. म्हणून आपल्याकडे एकदाच घेतलेल्या वजनापेक्षा वजनातील बदल अधिक बोलका असतो. पन्नास किलोचा माणूस वर्षानुवर्षे पन्नास किलोवर राहिला, तर चिंता कमी. तोच सहा महिन्यांत सत्तेचाळीसवर आला, तर ती धोक्याची खूण समजावी.

मात्र वजन घटले म्हणजे ते जुन्या दम्यानेच घटले, असे कधीही गृहीत धरू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, थुंकीतून रक्त पडणे अथवा वजनात घट आढळल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. मधुमेह आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेल्यांपैकी काहींना पुढे कायमची धाप राहते. उपचार संपले म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

गावात करता येण्याजोगी मोजमापे

स्नायूंचे संगणक चित्रण खेड्यात होणार नाही, हे उघड आहे. परंतु वजनकाटा, शिंप्याची टेप, खुर्ची आणि घड्याळ या चार वस्तूंनी पुष्कळ काम भागते.

महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर आणि शक्यतो त्याच वेळी वजन घेऊन ते वहीत नोंदवावे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली सुचविलेल्या मर्यादेनुसार हा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असल्यास पुढील तपासणी करावी. पायावर सूज असल्यास हे माप फसवे ठरते. तिसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर घडी करून, भिंतीला टेकविलेल्या पक्क्या खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर पायांचे बळ घटले आहे असे समजावे.

चौथी चाचणी ६ मिनिटांच्या चालीची. तीसाठी ३० मीटर लांबीची सपाट वाट लागते. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या की ती तयार होते. ही चाचणी मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे अथवा ओठ निळसर होणे यांपैकी काहीही दिसल्यास ती तत्काळ थांबवावी.

चालणे हेच औषध

झिजलेला स्नायू भरून काढण्याचा मुख्य उपाय व्यायाम हा होय. औषधाचा पंप श्वासनलिका मोकळ्या करतो आणि तो नियमित घेतलाच पाहिजे. पण तो मांडीत बळ भरू शकत नाही. श्वसन-पुनर्वसन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारात देखरेखीखाली चालणे, हातापायांचे बळवर्धक व्यायाम, आहार आणि रोगाविषयीचे शिक्षण यांचा समावेश असतो. २०१५ साली ६५ चाचण्या व ३,८२२ रुग्ण यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. या उपचाराने धाप कमी होते, चालण्याची शक्ती वाढते आणि दैनंदिन जीवन सुसह्य होते, असा निःसंदिग्ध निष्कर्ष त्यातून निघाला.

आयुर्मानाबाबतही आशादायक चिन्हे आहेत. सीओपीडीसाठी रुग्णालयात राहून आलेल्या १,९७,३७६ अमेरिकन वृद्धांच्या नोंदी २०२० साली अभ्यासण्यात आल्या. घरी गेल्यापासून ९० दिवसांत ज्यांनी पुनर्वसन सुरू केले, त्यांच्यातील वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण ७.३ टक्के आणि इतरांतील १९.६ टक्के होते. मुळात अधिक सुदृढ असलेले रुग्णच व्यायामाला आले असण्याचा संभव असल्याने सारा फरक व्यायामामुळेच पडला असे म्हणता येणार नाही. तथापि ९० दिवसांत उपचार सुरू करणारे रुग्ण तेथेही केवळ दीड टक्का होते. हा उपाय श्रीमंत देशांतही दुर्लक्षितच राहिला आहे.

घरी करावयाचा व्यायाम डॉक्टरांच्या तपासणीनंतर सुरू करावा. आठवड्यातून पाच दिवस चालावे. धाप लागली तरी एखादे वाक्य बोलता येईल इतकीच गती ठेवावी. थांबून दम घ्यावा व पुन्हा चालावे. श्वास नाकाने घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठणे-बसणे, एका पायरीवर चढणे-उतरणे आणि पाण्याने भरलेली बाटली उचलणे, हे प्रत्येकी आठ-दहा वेळा करावे. परभणीच्या उन्हाळ्यात हे सर्व सकाळी लवकर उरकावे. किमान ६ ते ८ आठवड्यांनी फरक जाणवतो. व्यायाम सोडला की कमावलेले बळ पुन्हा ओसरते.

आहाराची जोड

उपाशी शरीराकडून व्यायाम करवून घेणे म्हणजे आणखी मांस जाळणे होय. नेदरलँड्समधील रुग्णांच्या १९९८ सालच्या अभ्यासात, पोषक आहार देऊन ८ आठवड्यांत ज्यांचे वजन २ किलोहून अधिक वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुढील काळात कमी आढळले. जुनाट आजार असलेल्या वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी शिफारस आहे. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे रोज ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

हे गणित गावच्या ताटात बसविणे अवघड नाही. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळीतून १६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्याने त्यात ६ ग्रॅमची भर पडते. धापेमुळे एकाच वेळी इतके खाणे होत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा कराव्यात. घट्ट वरण, पिठले, दाण्याची चटणी, दही अशा थोडक्यात अधिक पोषण देणाऱ्या पदार्थांवर भर द्यावा आणि पातळ कढणाने पोट भरू नये.

सोयाबीन, तूर, मूग व हरभरा ही प्रथिनांनी समृद्ध पिके या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर निघतात. परंतु त्यांतील फार मोठा भाग बाजाराची वाट धरतो. पिकविणाऱ्याच्या घरातील खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाटीत डाळीपेक्षा पाणी अधिक असावे, हे शोभणारे नाही. १९७२ साली स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण याच विद्यापीठाने दिले. रक्तक्षय असलेल्याची धाप आणखी वाढते, हे लक्षात घेता अशा वाणांचे महत्त्व ध्यानी येईल.

पंचायत, शाळा आणि आरोग्य यंत्रणा

तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेताना आशाताई जो तपासणी तक्ता भरतात, त्यात धाप, स्वयंपाकाचे इंधन आणि कामाच्या ठिकाणची धूळ यांविषयीचे प्रश्न आहेतच. संशयित रुग्णांची वेगळी यादी करून त्यांच्यापुढे मासिक वजनाचा एक रकाना वाढविणे, हे फारसे खर्चाचे काम नाही. वजन घटत असलेल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि तेथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठविण्याची जबाबदारी निश्चित करावी. रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाची भेट पहिल्या पंधरवड्यात घेतली जावी; कारण तोच काळ झिजेचा असतो.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घेता येईल. समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात आठवड्यातून दोन सकाळी या रुग्णांना एकत्र चालविण्याचा उपक्रम सुरू करता येईल. एकट्याला चालण्याचा धीर होत नाही. चौघांबरोबर तो होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या आजी-आजोबांच्या वजनाची नोंद ठेवण्यास शिकवावे. मूळ कारणाकडेही दुर्लक्ष नको. धूररहित इंधनाचा नियमित वापर, चुलीवरील धुराला बाहेर जाण्याची वाट, शेतातील काडीकचरा जाळण्यास आळा, विडी-तंबाखू सोडण्यास मदत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाच्या लसी, यांमुळे नवे रुग्ण आणि रोगाच्या उसळ्या दोन्ही कमी होतात.

जुनाट श्वासविकाराच्या रुग्णाला आपण आजवर खाट दिली, सहानुभूती दिली आणि विश्रांतीचा सल्ला दिला. त्यातील खाट आणि विश्रांती यांनी त्याचे अहितच अधिक केले. त्याच्या फुफ्फुसांचे गेलेले बळ कोणी परत देऊ शकणार नाही. पण विहिरीपर्यंत, देवळापर्यंत, नातवाच्या शाळेपर्यंत आपल्या पायांनी जाण्याचे बळ त्याला पुन्हा मिळू शकते. त्यासाठी महिन्याला एकदा वजनकाटा, रोज एक वाटी घट्ट वरण आणि हाताला धरून पहिली पन्नास पावले चालविणारा कोणीतरी हवा. यांतील एकही गोष्ट गावाच्या आवाक्याबाहेरची नाही.